पंचवीस वर्षांची हमी

आम्ही कारंजा (घाडगे) तालुक्यातल्या एका ग्रामसंघाच्या बाया. माइकसमोर आज एकच जण बसली आहे, पण हे लिहून काढलं सगळ्यांनी मिळून, दोन बैठका घालून आणि थोडं भांडूनही. म्हणून बोलताना 'आम्ही' असंच म्हणू.

सुरुवात एका दिव्यापासून करतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या गटानं एका व्यापाऱ्याकडून चाळीस सौर कंदील घेतले. एका कंदिलामागे पन्नास रुपये सुटणार होते. गावात मागणी होतीच. शेतातल्या मोटारीची लाईट रात्रीच्या पाळीला आली की घरचा माणूस ओलिताला जाणार, आणि आपल्या भागात रानडुक्कर आहे, बिबट आहे, बोरच्या जंगलाकडून वाघाचीही बातमी येत असते. घरी बाई जागी असते. तेव्हा कंदील हातोहात गेले. प्रत्येकासोबत एक हमीपत्र होतं, त्यावर 'विक्रेत्याचा शिक्का' अशी जागा. आम्ही मोठ्या हौसेनं गटाचा शिक्का मारून दिला. पहिल्यांदाच कुठल्या वस्तूवर आपल्या गटाचं नाव लागत होतं.

पावसाळा संपेपर्यंत तेवीस कंदील बंद पडले. व्यापाऱ्याचा फोन आधी लागत नव्हता, मग तो नंबरच राहिला नाही. लोक त्याला शोधायला थोडेच जाणार? लोक आमच्या दारात आले. "शिक्का तुमचा आहे," म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं.

आमच्या गटातल्या एका काकूंची सून लग्नाआधी आयटीआय शिकली होती, इलेक्ट्रॉनिक्सचा ट्रेड. हे आम्हाला माहीत होतं, पण जसं एखादीला चांगली रांगोळी येते हे माहीत असतं, तसंच. तिनं रात्रीच्या भाकरी झाल्यावर ट्रंकेच्या तळातून सोल्डरिंगची इस्त्री काढली आणि एकेक कंदील उघडायला घेतला. काहींची बॅटरी फुगली होती, त्यांचं काही होणार नव्हतं. पण जास्त कंदिलांमध्ये बटनापाशी तारेचा डाग सुटला होता, बस. तेवीसमधले चौदा तिनं पुन्हा लावून दिले. आम्ही तिला चहा पाजला. पैसे दिले नाहीत. 'घरचीच सून आहे' म्हणालो. हे आज सगळ्यांसमोर सांगायला लाज वाटते, पण सांगायचं ठरलंय, कारण पुढचं सगळं बोलणं त्याच चहापाशी येऊन थांबणार आहे.

आता दुसरी गोष्ट. आपल्याकडे 'तंत्रज्ञान' म्हटलं की डोळ्यांपुढे पुरुष येतो, आणि मोठ्या खुर्चीतला तंत्रज्ञ म्हटलं की तर हमखास. तर नागपूरचं एक नाव सांगतो. नागपूर आपल्याला काही परकं नाही, हायवेवरून गाडीत बसलं की दोन तासांत सीताबर्डी. त्या नागपुरात वाढलेल्या रश्मी ऊर्ध्वरेषे १९८३ साली पुण्याच्या एआरएआय या संस्थेत प्रशिक्षणार्थी म्हणून लागल्या. ही संस्था गाड्या तपासते. नवी मोटार, ट्रक, मोटारसायकल बाजारात येण्याआधी तिचा ब्रेक, तिचा धूर, तिची मजबुती तपासून घ्यावी लागते, तेव्हा कुठे ती विकता येते. म्हणजे कंपनी कितीही मोठी असो, अशा तपासणीच्या कागदाशिवाय तिचं पान हलत नाही. ऊर्ध्वरेषे ताई गाडीच्या धुराच्या तपासणीच्या कामातून वर चढत गेल्या आणि २०१४ साली त्या संस्थेच्या संचालक झाल्या. प्रशिक्षणार्थी ते संचालक, ३१ वर्षं. मार्च २०२० मध्ये राष्ट्रपतींच्या हातून त्यांना नारीशक्ती पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी १ एप्रिलपासून धुराचे नवे कडक नियम देशभर लागू झाले, ज्याला बीएस-सिक्स म्हणतात. त्यानंतर मोटारसायकलमध्येही किती पेट्रोल सोडायचं ते इलेक्ट्रॉनिक डबी ठरवायला लागली. म्हणूनच तर आपल्या कारंज्याचा मेकॅनिक आता पान्ह्याआधी गाडीला वायर जोडून छोटं यंत्र लावतो.

त्यांच्या गोष्टीत आम्हाला सगळ्यात मोठी वाटली ती ती ३१ वर्षं. एका जागी राहून, एकेक पायरी, एकेक तपासणी. पण आमच्यातल्या एकीनं लगेच विचारलं, "हो, पण त्या इंजिनीअर. आपल्यापैकी कोण जाणार त्या वाटेनं?" प्रश्न बरोबर होता. आपल्या मुली जातील, जात आहेतही. पण आज चाळिशीत असलेल्या, सातवी-नववीला शाळा सुटलेल्या बाईसाठी त्या खुर्चीची वाट आहे का?

आहे. आणि ती आपल्याच जिल्ह्यातून जाते.

देवळी तालुक्यात कवठा (झोपडी) म्हणून गाव आहे. तिथे बचत गटांच्या बायांनी मिळून सोलर पॅनेलचा कारखाना उभा केला. संस्थेचं नाव तेजस्वी सोलर एनर्जी महिला औद्योगिक सहकारी संस्था. नाव जरा लांब आहे, पण त्यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. 'महिला' म्हणजे सभासद बाया, दोनशेहून जास्त. 'औद्योगिक' म्हणजे लोणचं-पापड नव्हे. लोणच्या-पापडाला आम्ही नावं ठेवत नाही, आमचाही आहे तो धंदा. पण गटानं काही करायचं म्हटलं की लोकांच्या तोंडून पहिला शब्द लोणचंच निघतो, त्याचा कंटाळा आलाय. आणि 'सहकारी' म्हणजे कारखान्याची मालकी सभासदांची आणि मत एका बाईला एकच, शेअर किती का असेनात. उमेद अभियानानं आणि जिल्हा प्रशासनानं हात दिला, आणि तंत्र शिकवलं मुंबईच्या आयआयटीनं. आधी त्यांनी शाळकरी मुलांच्या अभ्यासाचे छोटे सौर दिवे जोडले. त्यात हात बसला, मग पॅनेलकडे वळल्या.

हे दिव्यांचं कामही समजून घेण्यासारखं आहे. आयआयटी मुंबईनं २०१४ पासून चार राज्यांत, महाराष्ट्र त्यातलं एक, दहा लाख सौर दिवे मुलांपर्यंत पोचवण्याचं काम घेतलं होतं. त्यात एक अट त्यांनी पहिल्यापासून ठेवली. दिवा जोडणारी, विकणारी आणि बिघडला तर दुरुस्त करणारी माणसं त्याच भागातली हवीत. आमच्या त्या तेवीस कंदिलांची गोष्ट आठवा, म्हणजे या अटीची किंमत कळेल. आमच्या व्यवहारात विकणाऱ्या आम्ही होतो, जोडणारा कुठला ते माहीत नव्हतं, आणि दुरुस्त करणारी आमच्याच स्वयंपाकघरात बसलेली असून तिला कोणी विचारलं नव्हतं.

याच दिव्यांतून राजस्थानात डुंगरपूर या आदिवासी जिल्ह्यात बायांची सोलर कंपनी उभी राहिली, दुर्गा एनर्जी. कवठ्याचा कारखाना त्याच धर्तीवरचा. दुर्गाचा कारभार बघतात रुक्मिणीदेवी कटारा. शाळा अर्धवट सुटलेली, गावातली गटाची बाई. दिवे जोडायला बसली, मग दुसऱ्यांना जोडायला शिकवायला लागली, मग कामावर देखरेख करायला लागली आणि पुढे कंपनीची प्रमुख झाली. इंग्रजी वर्तमानपत्रं तिला सीईओ लिहितात. आम्हाला तो शब्द समजून घ्यायला वेळ लागला. साध्या भाषेत, धंद्यात काही चुकलं तर ज्या माणसाला शेवटी उत्तर द्यावं लागतं, तो माणूस.

आता पॅनेल बनतं कसं ते सांगतो, कारण याविना पुढची गोष्ट कळायची नाही.

पॅनेलवर जे निळे-काळे चौकोन दिसतात त्यांना सेल म्हणतात. सिलिकॉनची चकती असते ती. जाडी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाहून कमी. आपला पापड त्याहून जाड असतो, आणि तुटायला दोघे सारखेच. ऊन पडलं की एक सेल साधारण अर्धा व्होल्ट देतो. अर्ध्या व्होल्टानं काय होतंय? म्हणून सेलला सेल जोडत ओळी करतात, छत्तीस, साठ, बहात्तर. एका सेलच्या पाठीचा डाग दुसऱ्याच्या पोटाला, चपट्या तारेनं. ओळीतला एक जोड कच्चा राहिला तर पूर्ण ओळीची वीज अडते. गटात एकीचा हप्ता थकला की सगळ्यांचं पुढचं कर्ज अडतं ना, अगदी तसं.

मग खाली काच ठेवतात. साधी नाही, तापवून मजबूत केलेली, गारपिटीतही टिकावी अशी. आपल्या भागात गारपीट काय करते ते संत्रावाल्यांना सांगायला नको. काचेवर पारदर्शक प्लास्टिकची चादर, तिच्यावर सेलच्या ओळी, पुन्हा चादर, आणि मागून जाड पांढरा पत्रा वाटावा असं आवरण. हा सगळा थर मोठ्या यंत्रात जातो. तिथे आधी आतली हवा ओढून घेतात आणि साधारण दीडशे अंशांवर दहा-पंधरा मिनिटं दाबून ठेवतात. प्लास्टिक वितळून सगळं एकजीव होतं. हवा का काढायची? एक बुडबुडा राहिला तरी काही वर्षांनी तिथून ओल शिरते, आणि ओल शिरली की गंज. आपण बरणीत लोणचं भरताना वरून तेल का सोडतो, तीच अक्कल. (बघा, लोणच्याला नावं ठेवली आणि उदाहरण त्याचंच आलं.)

पुढे ॲल्युमिनियमची चौकट, मागे तारांची डबी, आणि मग परीक्षा. बंद खोलीत पॅनेलवर उन्हासारखा लख्ख प्रकाश क्षणभर पाडतात आणि वीज किती आली ते मोजतात. दुसरी एक परीक्षा तर फार मजेची आहे. अंधारात पॅनेलमध्ये उलट वीज सोडतात. मग सेल अगदी मंद उजळतात, आपल्या डोळ्यांना दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसतं. जिथे बारीक तडा गेला असेल तिथला भाग काळा राहतो. म्हणजे एक्स-रेच. हातमोजे न घालता कोणी सेल उचलला, कोणी जोरात दाबला, सगळं तिथे उमटतं.

हे काम बायांना जमेल का, असं पूर्वी लोक विचारायचे. तो प्रश्न आता कोणी विचारू नये. हलक्या हाताचं, नजरेचं, धीराचं काम आहे. काही आठवड्यांच्या शिकवणीत हात बसतो. आमचं म्हणणं असं की अवघड भाग इथे नाहीच. तो पलीकडच्या खोलीत आहे, जिथे टेबल आहे.

पॅनेलवर पंचवीस वर्षांची हमी द्यावी लागते. पॅनेलची ताकद दरवर्षी थोडी उतरते, अर्ध्या-पाऊण टक्क्यानं, आणि पंचविसाव्या वर्षीही ते नव्याच्या साधारण ऐंशी टक्के वीज देईल, असं लिहून द्यायचं असतं. आज कडेवर असलेलं पोर तोपर्यंत स्वतः बाप होईल. तेव्हा पॅनेल बंद पडलं आणि माणूस दारात आला, तर दारात कोण उभं असेल? संस्थाच उभी असायला हवी. म्हणून तिची मुख्य बाई आज जी सही करते ती पंचवीस वर्षांसाठी करते. आम्ही कंदिलाच्या कागदावर शिक्का मारला तेव्हा हा विचार कोणाच्या डोक्यातही नव्हता.

तिच्या टेबलावर काय काय असतं बघा. सेलचा कच्चा माल बराचसा चीनमधून येतो. गेल्या दहा-पंधरा वर्षांत पॅनेलचे दर सारखे उतरत आले. ग्राहकाला बरं, कारखान्याला धास्ती. आज चढ्या भावानं सेल भरून ठेवले आणि तीन महिन्यांनी भाव पडला, तर पॅनेल विकून मुद्दलही निघत नाही. मग किती भरायचे? आपण सोयाबीन घरात ठेवायचं की विकायचं यावर रात्र-रात्र जागतो, तोच पेच, फक्त इथे भाव बाहेरदेशी ठरतो. मग टेंडर. सरकारी काम मिळवायचं तर आधी अनामत रक्कम, मागच्या वर्षांची उलाढाल दाखवा, अनुभव दाखवा. नव्या संस्थेनं अनुभव आणायचा कुठून? काम झाल्यावर बिल निघायला महिने. तोवर मजुरी थांबवता येत नाही, बायांच्या घरी चूल पेटायची असते.

आणि एक यादी असते. केंद्र सरकारनं मान्य केलेल्या पॅनेलची आणि कारखान्यांची. सरकारी कामात आणि अनुदानाच्या योजनेत त्या यादीतलंच पॅनेल लागतं. मध्ये वर्षभर ती स्थगित होती, १ एप्रिल २०२४ पासून पुन्हा लागू झाली. यादीत जायचं तर फी, तपासणी, आणि पॅनेल किती कार्यक्षम आहे त्याची किमान पातळी. ग्राहकाच्या दृष्टीनं यादी चांगलीच. आम्हाला असती तर ते कंदील आम्ही घेतलेच नसते. पण ज्याच्याकडे शेकडो कोटींची यंत्रं आहेत आणि ज्या बायांनी शेअर गोळा करून कारखाना काढला, दोघांना एकाच दारातून जायला सांगितलं तर दार लहान कोणासाठी पडतं, हेही बोललं पाहिजे. बचत गटांचा माल प्रदर्शनात मांडून फोटो काढायला सगळे येतात. बायांच्या कारखान्यांची पॅनेलं आपल्या शाळांवर, पंचायतींवर, पाणीपुरवठ्याच्या मोटारीवर किती लागली, हे ग्रामसभेत आपणच विचारायला हवं.

संधीही तेवढीच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये घराच्या छतावर सोलर बसवायची पीएम सूर्यघर योजना आली. एक किलोवॅटला ३०,००० रुपये अनुदान, दोनला ६०,०००, तीन आणि त्याहून जास्त असेल तर ७८,०००. आणि त्यात सेलपासून पॅनेलपर्यंत माल देशात बनलेलाच लागतो. त्याच वर्षी राज्यानं मागेल त्याला सौर कृषी पंप योजना काढली. आपल्या शिवारात बघा, दोन वर्षांमागे नव्हते तिथे पॅनेलचे मांडव उभे आहेत. दिवसा ओलीत होतंय, रात्रीची भीती कमी झाली, हे तर खरंच. पण त्यावर धूळ बसली, माकडानं तार ओढली, वाऱ्यानं चौकट हलली, तर बघायला कोण येतं? फोन करा, तक्रार नोंदवा, वाट बघा. तिकडे पाण्याविना संत्र्याचा बहार गळतोय.

इथे जुनी एक गोष्ट आठवते. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघानं सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. त्या काळचे एक लाख! अटी अशा की चरखा हलका असावा, हातानं किंवा पायानं चालावा, किंमत दीडशे रुपयांच्या वर जाऊ नये, बाईला आठ तास फार न दमता चालवता यावा, आणि नीट निगा ठेवली तर वीस वर्षं टिकावा. बक्षीस कोणालाच मिळालं नाही. आपला वर्धा जिल्हा या विचारांच्या घरातला. १९३८ पासून वर्ध्यात मगन संग्रहालय उभं आहे, तिथे ग्रामोद्योगाची साधनं मांडलेली आहेत. वीस वर्षं टिकणाऱ्या यंत्राची अट आपल्याकडे नवी नाही, एवढंच यातून दिसतं. आणि आणखी एक दिसतं. त्या अटींत बाई होती, पण यंत्र चालवणारी म्हणून. यंत्र बनवणारी, त्याची हमी देणारी बाई त्या कागदात कुठे नव्हती. कवठ्यात आणि डुंगरपुरात ती आली.

आता घरची गोष्ट.

आमच्या ग्रामसंघानं सौर दुरुस्तीचं केंद्र काढायचं ठरवलंय. कंदील, फवारणीचे बॅटरीपंप, घरांवरचे छोटे पॅनेल, आणि पुढे जमलं तर सौर पंपांची सफाई आणि जोडण्या बघणं. खोली मिळाली, ग्रामसंघाच्या निधीतून सुरुवातीचं कर्जही मंजूर झालं. गाडी अडली ती केंद्राची मुख्य कोण, यावर. काम कोण करणार हे ठरलेलंच, तीच सून. पण बैठकीत एकीनं म्हटलं की हिशेबाला आणि चेकला तिच्या नवऱ्याचं किंवा कोण्या जाणत्या भावाचं नाव असू द्या, 'लक्ष ठेवायला'. तो भाऊ कॉम्प्युटर जाणतो, तालुक्याला ओळखी आहेत. तीन-चार जणींनी मान हलवली. खोटं कशाला बोला, आमच्यातल्या बऱ्याच जणींना ते सोयीचंच वाटलं होतं.

मग तिच्या सासूबाई उठल्या. त्याच काकू, ज्यांच्या घरात चौदा कंदील लागले होते. त्या म्हणाल्या, "बोलणी मला बसली होती. शिक्का गटाचा होता, पण माणसं माझ्या दारात भांडायला आली, आणि आत बसून दुरुस्त हिनं केलं. उद्या बिघडलं तर लोक तुमच्या त्या भावाच्या दारात जाणार नाहीत, हिच्याच येणार. मग सही दुसऱ्याची कशी?" बैठकीत कोणी काही बोललं नाही. नंतर एकीनं हळूच विचारलं, "आणि घरचं काम?" तर काकू म्हणाल्या, "ते आमचं आम्ही बघू."

सही तिची आणि ग्रामसंघाच्या कोषाध्यक्ष ताईची, दोघींची मिळून, असं ठरलं. मजुरी महिन्याला ठरवून, नुसता चहा नाही. मागच्या चौदा कंदिलांचे पैसेही ठराव घेऊन दिले. ती घेत नव्हती, घ्यायला लावले. आणि प्रत्येक दुरुस्तीवर सहा महिन्यांची हमी, वहीत तारीख लिहून. पंचवीस वर्षांची भाषा आम्ही आत्ताच करत नाही.

कवठ्याला जायचं ठरलंय. प्रभाग संघाकडून गाडी मिळतेय, सहा जणी जाणार, ती सून आणि तिच्या सासूबाई धरून. जाऊन कारखाना तर बघूच, पण विचारायचे प्रश्न आधीच लिहून ठेवलेत. काम नसलेल्या महिन्यांत बायांची मजुरी कशी भागवता? भाव ठरवताना टेबलावर कोण कोण असतं? माल परत आला तर तोटा कोणाच्या अंगावर? पहिलं टेंडर भरलं तेव्हा कागद कोणी वाचून दाखवला आणि आता कोण वाचतं? चकचकीत यंत्रं कोणीही दाखवतं. आम्हाला हे ऐकायचंय. परत आलो की पुढच्या वेळी त्यांनी काय सांगितलं ते इथेच सांगू, गोड असो की कडू.

ऐकणाऱ्या गटांपैकी कोणाला यायचं असेल तर आपल्या सीआरपी ताईकडे नाव द्या, गाडीत दोन जागा आहेत. आणि कारंज्याच्या बाजाराच्या दिवशी आमचं केंद्र दुपारी अकरापासून उघडं असतं. घरात बंद पडलेला कंदील, पंप, बॅटरी काही असेल तर पिशवीत घालून घेऊन या. बॅटरी फुगलेली असेल तर घरात ठेवू नका आणि चुलीजवळ तर मुळीच नको, तीही आणा. आमचा शिक्का असलेला जुना कंदील कोणाकडे पडून असेल तर तो आधी आणा. त्याचे पैसे लागणार नाहीत.